पृष्ठ पाच

"हेमा, तुझी नस्ती उघडली आहे," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी एक खाकी फाइल माझ्या पोह्यांच्या बशीशेजारी ठेवली.

रविवार होता. आदल्या दिवशी दापोलीहून पत्र आलं होतं. बारावीला मला एकाहत्तर टक्के पडले होते आणि शेतकी कॉलेजात माझी निवड झाली होती. पत्रात अट एकच. सोबतच्या हमीपत्रावर पालकांची सही घेऊन अठरा जुलै, शुक्रवार, संध्याकाळी पाचच्या आत स्वतः हजर व्हायचं. नाही झालं तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. कागद आदल्या दिवशीच अण्णांनी ठेवून घेतले होते. म्हणजे आता फक्त एक सही हवी होती, आणि सही करणारा माणूस समोर बसून पोहे खात होता. इतकं सोपं काम आमच्या घरात याआधी कधी आलं नव्हतं.

फाइलीवर अण्णांच्या ठेंगण्या, सरळ अक्षरात विषय लिहिलेला होता. 'कु. हेमलता यशवंत चौबळ ही बारावी उत्तीर्ण होऊन शिक्षणासाठी परगावी जात असल्याने तिला द्यावयाच्या उपदेशाबाबत.'

"उपदेश कुठाय?" मी फाइल उघडून विचारलं. आत वरवर पाहता बरेचसे कोरे कागद होते.

"यायचा आहे. अभिप्राय मागवतोय."

"कुणाचे?"

"संबंधितांचे."

अण्णा आमच्या तालुक्याच्या कचेरीत रेकॉर्ड कीपर होते. बावीस वर्षं त्यांनी जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांत काढली होती, आणि जे तोंडी बोललं गेलं ते घडलंच नाही, अशी त्यांची पक्की खात्री झाली होती. घरातही तोच कारभार. घरात एक जावक नोंदवही होती. शेजारी विळी पाठवली तरी तिची नोंद व्हायची. प्रत्येक कागदाला वर्ग होता. 'अ' म्हणजे कायम जपायचा. 'ब' तीस वर्षं, 'क' दहा वर्षं आणि 'ड' एक वर्ष, त्यानंतर बंबात. घराचा उतारा 'अ' होता. माझी बारावीची गुणपत्रिका 'क' होती, कारण दहा वर्षांनी तुला कोण विचारतंय. आई-अण्णांची लग्नपत्रिका 'ब' होती.

"तीस वर्षांनी काय करणार तिचं?" आई दर लग्नाच्या वाढदिवसाला विचारायची.

"त्या वेळी फेरविचार होईल," अण्णा दर वाढदिवसाला सांगायचे.

माझ्या फाइलीच्या कोपऱ्यात 'ड' लिहिलं होतं.

"उपदेशाला 'ड'?" मी म्हटलं.

"वर्षभर पुरतो उपदेश. नंतर माणूस आपल्या मनानंच वागतो. 'अ' मिळतो तो ज्याचा आधार पुढे दुसऱ्या कुणाला घ्यावा लागतो, त्याला."

"अण्णा, मग असं करू. तुम्ही आत्ता तोंडानं दोन शब्द सांगा, मी ऐकते, तुम्ही सही करा. फाइलीचा त्रास नको."

अण्णांनी बशी बाजूला सारली. "मी नोकरीला निघालो तेव्हा माझे वडील ओटीवर बसले होते. 'निघालास का?' म्हणाले आणि पेपर उघडला. बावीस वर्षं मी विचार करतोय, त्यांना काय सांगायचं असेल."

"काही नसेल सांगायचं," आई आतून म्हणाली.

"तशी कुठे नोंद नाही," अण्णा म्हणाले. "तुझ्या बाबतीत असं अर्धवट राहायला नको. चार जाणत्या माणसांना विचारून, नीट मसुदा करून देतो."

पहिलं मत त्यांनी आईचंच घेतलं होतं. टिप्पणीच्या पहिल्या पानावर तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'वाचले. चहा थंड होत आहे.' खाली सही.

सोमवार, मंगळवार, बुधवार मी ट्रंक भरत होते आणि दिवसातून दोनदा विचारत होते.

"अण्णा, सही?"

"प्रकरण चालू आहे."

पहिले दोन दिवस मला याचा नुसता वैताग आला. बुधवारी त्यात भीती मिसळली. चौबळांच्या घरातली मुलगी घर सोडायची ती डोक्यावर अक्षता पडल्यावरच. त्याआधी, एकटी, ट्रंक घेऊन, शिकायला म्हणून कोणी गेली नव्हती. अण्णा नाही म्हणाले नव्हते. पण कचेरीतला माणूस नाही म्हणत नाही हे मला ठाऊक होतं. तो फक्त प्रकरण चालू ठेवतो.

गुरुवारी सकाळी अण्णा कचेरीला जायला छत्री घेत होते तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले.

"उद्या सहाच्या महाड गाडीनं निघायचंय. मला हमीपत्र द्या."

"ते नस्तीत आहे. पृष्ठ पाच."

"मग नस्ती द्या."

"नस्ती अभिप्रायार्थ गेली आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "हमीपत्रासकट?"

"मूळ कागद पाहिल्याशिवाय कोणी अभिप्राय कसा देईल?" त्यांनी हे इतक्या शांतपणे विचारलं की क्षणभर मलाही पटलं.

"कुणाकडे आहे?"

"नोंदवही बघ. सोमवारी नमूकडे गेली. तिथून देवकुळेसाहेबांकडे जायची आहे. प्रत्येकाला सात दिवसांची मुदत दिली आहे."

"अण्णा, सात नि सात चौदा होतात. उद्या शुक्रवार आहे."

अण्णा छत्रीकडे बघत राहिले. हे गणित त्यांनी केलंच नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग ते म्हणाले, "मुदतीच्या आत पाठवायला हरकत नाही, असं मी खाली लिहिलंय," आणि साडेदहाची कचेरी गाठायला निघून गेले.

आई पोळ्या लाटत होती. "बावीस वर्षं मी हेच बघतेय," ती म्हणाली. "तू जेवून नमूकडे जा. पायात चप्पल घाल."

नमूआत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. बाजारपेठेच्या मागच्या आळीत एकटी राहायची. मी गेले तेव्हा ती ओसरीत कुळीथ निवडत होती.

"आत्या, फाइल कुठाय?"

"आधी बस. किती वाळलीयेस."

"आत्या, फाइल."

"केव्हाच दिली. काल धर्मा शिपाई आला होता, त्याच्या हातानं देवकुळ्यांकडे पाठवली. तीन पानं लिहिली मी. यशवंतानं कधी नव्हे ते मला काही विचारलं." तिनं सूप खाली ठेवलं. "गाडीत खिडकीशी बसू नकोस, हे लिहिलंय. होस्टेलच्या आमटीत सोडा घालतात, ती जपून खा, हे लिहिलंय. केसांना तेल. ओले केस बांधायचे नाहीत. मैत्रिणीला आपला कंगवा द्यायचा नाही. आणि कुणी मुलगा वही मागायला आला तर वही द्यायची, पण उंबऱ्याच्या आतून."

"त्यात हमीपत्र होतं ते पाहिलंस?"

"पाहिलं की. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तेलाचं लिहिणार होते, पण पेन उमटेना."

मी देवाचे आभार मानले आणि देवकुळ्यांच्या घराकडे सुटले.

देवकुळेसाहेब निवृत्त नायब तहसीलदार. अण्णांचे पहिले साहेब. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण ती बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती. व्हरांड्यात टेबल, टेबलावर काच, काचेखाली सुट्ट्यांची यादी. माझी फाइल टेबलावर मधोमध होती. शेजारी प्रवासाची बॅग भरून ठेवलेली होती.

"ये बाळ, ये," ते म्हणाले. "चौबळांची ना तू? पास झालीस म्हणे. छान."

"काका, ती फाइल न्यायला आलेय."

फाइल म्हटल्याबरोबर ते खुर्चीत ताठ झाले. "आपण या प्रकरणात कोण?"

"मी हेमा. आत्ताच तुम्ही म्हणालात."

"म्हणजे अर्जदार. अर्जदाराच्या हाती नस्ती देता येत नाही. चौबळांना हे चांगलं ठाऊक आहे, मीच शिकवलंय त्यांना."

"काका, उद्या पाचच्या आत दापोलीला हमीपत्र द्यायचंय. नाहीतर माझी जागा जाईल."

"मग चौबळांचं पत्र आणा. चिठ्ठी नको. जावक क्रमांकासह पत्र. आणि लवकर आणा. मी चारच्या गाडीनं ठाण्याला मुलाकडे चाललोय. आठ दिवस. जाताना हे कपाट बंद होईल."

घड्याळात दोन वाजून गेले होते. मी तशीच कचेरीत गेले. रेकॉर्ड रूममध्ये अण्णा शिडीवर होते. मी खालून सगळं सांगितलं.

"बरोबर आहे त्यांचं," अण्णा वरून म्हणाले. आवाजात चक्क अभिमान होता. "सहा वर्षं झाली, पण माणूस विसरला नाही."

"अण्णा, पत्र."

"देतो ना." ते खाली उतरले, हात पुसले, कागद घेतला, तीन ओळी लिहिल्या आणि थांबले. "जावक क्रमांक?"

"घाला कुठलाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कुणाला विष घालायला सांगितलं होतं. "नोंदवही घरी आहे. कपाटात. किल्ली..." त्यांनी खिसे चाचपले. "किल्ली त्याच कपाटाच्या वर. तू घरी जा, शेवटचा क्रमांक बघ, ये, मी पत्रावर घालतो, मग साहेबांकडे—"

"घर, कचेरी, देवकुळे. चार वाजतील."

"चारच्या आत होईल, घाई केलीस तर."

मी अठरा वर्षांची होते आणि वडिलांवर ओरडायची आमच्यात पद्धत नव्हती. नाहीतर त्या रेकॉर्ड रूममधले शंभर वर्षांचे कागद त्या दिवशी जागचे हलले असते. मी वळले आणि चालू लागले. दारातल्या एका जुन्या पाटीवर माझी नजर गेली. लहानपणापासून मी ती पाटी पाहत आले होते. दुपारी अण्णांचा डबा घेऊन यायची तेव्हा त्याच पाटीखाली बसायची. 'अभिलेखांचे निरीक्षण अधिकाऱ्यासमक्ष करावे.'

मी घरी गेले नाही. देवकुळ्यांकडे गेले. ते बूट घालत होते.

"पत्र आणलं?"

"नाही. पत्र नको. अर्जदाराच्या हाती नस्ती देता येत नाही, बरोबर. पण अर्जदाराला ती अधिकाऱ्यासमक्ष पाहता येते ना?"

देवकुळ्यांचा बुटाच्या नाडीवरचा हात थांबला.

"निरीक्षण," ते हळूच म्हणाले.

"निरीक्षण."

"लेखी अर्ज लागेल."

त्यांच्याच टेबलावरचा कागद घेऊन मी अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, विनंती, दिनांक, सही. त्यांनी तो वाचला, 'आपणास' खोडून 'आपल्यास' केलं, मग पुन्हा 'आपणास' केलं, कोपऱ्यात 'परवानगी' लिहिलं आणि फाइल माझ्याकडे सरकवली. स्वतः समोर उभे राहिले, एका पायात बूट घालून.

मी पानं उलटली. आईचा चहा. आत्याचं तेल. त्याखाली देवकुळ्यांचा शेरा, हिरव्या शाईत: 'घरातील मुलीस शिक्षणासाठी परगावी पाठविल्याचे यापूर्वीचे उदाहरण असल्यास जोडावे. त्याशिवाय अभिप्राय देता येत नाही.'

मग पृष्ठ पाच. हमीपत्र.

खाली पालकांची सही होती. य. म. चौबळ. सहीखाली तारीख होती, बारा जुलै. शनिवार. पत्र ज्या दिवशी आलं तो दिवस.

मी तारीख दोनदा वाचली. पाच दिवस मी ज्या सहीसाठी घरभर त्यांच्या मागे फिरले होते, ती मी विचारायच्या आधीच होऊन गेली होती. ते मला पाठवणार आहेत की नाही, हा प्रश्न कधी नव्हताच. त्या माणसानं सही केली, कागदाला लाल शाईनं पानाचा नंबर घातला, दोरीत ओवला आणि गावभर फिरायला पाठवून दिला. आणि मला सांगितलं नाही. 'सही केली आहे' एवढं तोंडानं सांगायला काय हरकत होती, हे मला तेव्हा कळेना. राग कुणावर काढावा तेही कळेना.

"झालं पाहून?" देवकुळे म्हणाले.

"हा मूळ कागद मला परत हवाय. त्या जागी पावती लावते."

मी फाइलीची दोरी सोडली, पृष्ठ पाच काढलं, आणि एका कोऱ्या कागदावर लिहिलं, 'पृष्ठ ५, मूळ हमीपत्र, अर्जदारास परत मिळाले.' सही, तारीख. तो कागद त्याच जागी ओवला, लाल शाईनं पाचाचा आकडा घातला आणि दोरी बांधली. फाइल पुन्हा त्यांच्याकडे सरकवली. कुठलंही पान कमी झालं नव्हतं.

देवकुळ्यांनी दोरीची गाठ तपासली. "हे कोणी शिकवलं तुला?"

"कोणी नाही. घरात ऐकू येतं."

"गाठ चौबळांचीच आहे," ते म्हणाले आणि दुसरा बूट घालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला आई आणि अण्णा स्टँडवर आले होते. अण्णांनी ट्रंक गाडीच्या टपावर चढवायला लावली, दोरी ओढून पाहिली. मी मुद्दाम खिडकीशी बसले. खाली अण्णा छत्री मिटून उभे होते. मला वाटलं, आता बोलतील. इतके अभिप्राय मागवलेत, आता तरी उपदेश होईल.

"साहेबांनी काल फाइल परत पाठवली," ते म्हणाले. "ठाण्याला जाता जाता स्टँडवरून."

"बरं."

"पावती पाहिली मी. पृष्ठ पाचची."

"बरं."

"वेळ नाही घातलीस. कागद कधी घेतला त्याची वेळ लागते."

कंडक्टरनं घंटी दिली. मी काच लावून घेतली. त्या काचेतून अण्णा काहीतरी बोलताना दिसले, पण इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी विचारलंही नाही. दुपारी सव्वा वाजता दापोलीच्या खिडकीवर हमीपत्र दिलं. तिथल्या बाईंनी ते न वाचताच एका ढिगावर ठेवलं.

काच लावून घेतल्याबद्दल मला पुढे कधी वाईट वाटलं असं नाही. शिकले, शेतकी खात्यात लागले, लग्न झालं, बदल्या झाल्या. सुट्टीत घरी गेलं की अण्णा माझ्या बदलीचे आदेश मागून घ्यायचे आणि त्यांना वर्ग द्यायचे. सगळे 'क'. अठ्ठ्याऐंशी साली आईच्या लग्नपत्रिकेला तीस वर्षं पूर्ण झाली. अण्णांनी फेरविचार केला आणि आणखी तीस वर्षांची मुदतवाढ दिली. आई म्हणाली, "कायमचं 'अ' करायला काय झालं होतं?" ते म्हणाले, "बघू."

त्या मुदतीला दहा वर्षं उरली असताना अण्णा गेले. दिवस झाल्यावर आई आणि मी त्यांचं कपाट आवरायला बसलो. किल्ली अजून कपाटाच्या वरच होती.

"ही तुझी," आई म्हणाली आणि तिनं खाकी फाइल माझ्यासमोर ठेवली. "ही घेऊन ते तीनदा बाहेर पडलेत. बाळभावजी आपल्या मंदाला नर्सिंगला पाठवायला तयार नव्हते तेव्हा. नमूच्या नातीच्या वेळी. आणि एकदा देवकुळ्यांकडे, त्यांच्या सुनेनं बी.एड.चं काढलं तेव्हा. ओटीवर बसून उघडून दाखवायचे. बोलायचे काही नाहीत."

मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. तशी कुठे नोंद नव्हती.

फाइलीच्या कोपऱ्यातला 'ड' लाल शाईच्या एका सरळ रेघेनं खोडलेला होता. वर 'अ' लिहिला होता. खाडाखोडीशेजारी आद्याक्षरं आणि तारीख, नियमाप्रमाणे. अठरा जुलै. माझी गाडी सुटली तो दिवस.

मी शेवटची टिप्पणी उघडली. उपदेशाचा मसुदा असेल असं वाटलं होतं. देवकुळ्यांच्या हिरव्या शेऱ्याखाली अण्णांच्या ठेंगण्या अक्षरात एवढंच होतं:

'यापूर्वीचे उदाहरण नाही. यापुढे हेच उदाहरण म्हणून वाचावे. अर्जदाराने एका दिवसात नस्ती शोधून, नियमानुसार पाहून, आवश्यक कागद हस्तगत केला. निम्नस्वाक्षरीकाराच्या बावीस वर्षांच्या सेवेत एका दिवसात नस्ती सापडलेली नाही. सबब उपदेशाची आवश्यकता दिसत नाही. प्रकरण बंद.'

"काय लिहिलंय?" आईनं विचारलं. तिचा चष्मा आत राहिला होता.

मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "माझ्या पत्रिकेवर बघ गं, काही खोडलंय का."

मी शोधली. काही खोडलं नव्हतं. 'ब'च होता.

"बघितलंस?" आई म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

मी फाइल बांधायला घेतली तेव्हा मध्ये माझी पावती दिसली. पृष्ठ पाच. अठराव्या वर्षीचं रागीट अक्षर. शेजारी समासात अण्णांनी पेन्सिलीनं बारीक लिहिलं होतं, 'वेळ नमूद नाही. अर्जदाराकडून पूर्तता करून घ्यावी.'

मी पेन काढलं. आठवून पाहिलं. देवकुळ्यांच्या एका पायात बूट होता आणि चारची गाडी अजून यायची होती.

तारखेपुढे मी लिहिलं, 'दुपारी साडेतीन.' शेजारी आद्याक्षरं केली, आजची तारीख घातली आणि दोरीला अण्णांची गाठ मारली.